नायकाचे कान

दारातच तिघांनी माझी झडती घेतली.
एकाने बूट हुंगले, एकीने खिसे,
तिसरा म्हातारा जागचा हललाच नाही;
त्याने एक डोळा उघडला,
मला वरपासून खालपर्यंत वाचलं
आणि पुन्हा मिटला.

"आत या," ओडेट कोमो म्हणाल्या,
"त्या खुर्चीवर नको. दिसते रिकामी, पण ती सार्डिनची आहे.
तुम्ही आपले पेटीवर बसा."

खिडकीबाहेर डिग्बीची खाडी पार आटलेली.
बोटी चिखलात कुशीवर कलंडलेल्या,
समुद्र त्यांना सांगून गेल्यासारखा :
आलोच, बसा जरा.

मी वही उघडली. आमच्या साप्ताहिकाचे वाचक विचारतात,
बेचाळीस कादंबऱ्या, बेचाळीस नायक,
एवढे पुरुष आणलेत कुठून?

"पुरुष!"
त्या इतक्या हसल्या की चहा बशीत आला
आणि बशी मोलॅसिसने चाटून पुसली.
"अहो, त्यात पुरुष एकही नाही.
तो दीपगृहावरचा डॉक्टर, ज्याच्या नजरेसाठी
मँकटनहून बायका मला पत्रं लिहितात,
ती नजर सार्डिनची.
ताटात एकच सॉसेज उरलं होतं, त्या संध्याकाळची.
आणि तो घोडदळातला कॅप्टन,
चकार शब्द न काढता तिच्या मांडीवर डोकं ठेवणारा?
ही मोलॅसिस. एक जुलैच्या फटाक्यांना घाबरून.
मी काय केलं, शेपटी काढली,
कान जरा आखूड केले,
लाळ गाळली.
म्हणजे मजकुरातून."

आणि तुमचे यजमान? ते कुठेच नाहीत?

"लिअँडर? आहे की. सातव्या कादंबरीत.
कारकून. दोन ओळी.
येतो, खिडकी बंद करतो, जातो.
त्याला केवढं अप्रूप त्याचं!
धक्क्यावर भेटेल त्याला सांगायचा,
ती खिडकी मी बंद केली."

संपादन कोण करतं, मी विचारलं.
त्यांनी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.
"बिशप. मी मोठ्याने वाचते. घोरला, तर प्रकरण बाद.
एक कान उभा राहिला, तर राहू द्यायचं.
एकदा ऐन चुंबनाच्या प्रसंगात उठून दाराशी जाऊन बसला.
अकरा वेळा लिहिलं मी ते चुंबन.
बाराव्या वेळी आला परत,
पण तेव्हा माझ्या हातात लोणी लावलेला टोस्ट होता,
त्यामुळे त्या चुंबनाची
मला अजून खात्री नाही."

पुढचा प्रश्न वाचकांचा नव्हता, माझाच होता,
आणि तो विचारताना मला उगाच खोकला आला :
प्रेम म्हणजे नेमकं...

"उठा," त्या म्हणाल्या.
मला वाटलं, चुकलं माझं काही.
पण बिशप उठला होता,
एकेक पाय हिशेबाने टाकत पेटीशी आला होता.
बाहेर पाणी भरत होतं, बोटी सरळ होत होत्या,
लांब कुठेतरी एक इंजिन घरी येत होतं.
मी झाकण उघडलं. त्याने आतला रबरी बूट
तोंडात धरला, तोल सांभाळला
आणि धक्क्याच्या वाटेला लागला.

"लिअँडरचा," त्या कोट चढवत म्हणाल्या. "चार वर्षं झाली.
भरतीला नेतो, भरतीलाच परत आणतो.
ओला होतो, मी वाळवते.
सांगून पाहिलं मी त्याला. पण संपादकाला
कोण काय सांगणार?"

हे लिहिलंत का कधी?

"छे! लोक म्हणतील, बाई आता अतीच करायला लागली."
खिशात बिस्किटं कोंबून त्या त्याच्यामागे गेल्या,
रस्ताभर त्याला रागावत.

मी वही उचलली.
नऊ ते चौदा प्रश्न मोलॅसिसने खाल्ले होते.
सार्डिन आपल्या खुर्चीवर बसून
डॉक्टरच्या नजरेने माझ्याकडे बघत होता.
खाडीवरून वारा सुटला होता.

निघताना खिडकी
मी बंद केली.