साक्षीदार तिसरा

नाव गुंडा. बापाचं सिद्धू. आडनाव ऐवळे.
राहणार हरिपूर. धंदा पेवात उतरायचा.
खरं सांगीन म्हणून कागदाला हात लावला
तर हाताची हळद कागदाला लागली,
कारकून करवादला.

तवनाप्पा शेठ गेले ती रात्र?
होय सरकार, मी उशाला होतो.
मुलगा भूपाल कोल्हापुरास्नं निघालेला, पोचायचा होता.
वैद्य परसात चूळ भरत होता.
म्हणजे मीच.

शुद्धीत होते का?
साहेब, पेवाचं तोंड फोडलं
की आम्ही लगेच उतरत नाही.
आधी दोरीनं कंदील सोडतो.
तळाला जाऊन ज्योत जगली तर आत हवा आहे.
विझली तर काठावर बसून तंबाखू मळायची.
शेठजींच्या डोळ्यांत मी तसंच वाकून बघितलं.
ज्योत होती.
बारकी, पण होती.

काय बोलले? शब्दाला शब्द सांग.
'लिंबाखालचं पेव,' म्हणाले. दम घेतला.
'माल, आणि पेवबी,' म्हणाले.
खोकले.
मग म्हणाले, 'गोदा'.

मागच्या बाकावर गोदाबाई बसलेली,
हात पदरात गुंडाळून.
वीस वर्षं त्यांची हळकुंडं निवडली तिनं,
नखांतला पिवळा सणावारीही निघत नाही.
मी तिकडं बघितलं नाही.

मुलाचे वकील उठले. टोपी सारखी केली.
'गोदा नव्हे, गोदाम.
माल गोदामात हलवा, असं सांगत होते मयत.
मधेच श्वास तुटला. बरोबर?'

आता बघा.
गोदा म्हणताना तोंड उघडं राहतं.
म म्हणायचा तर ओठाला ओठ लागला पाहिजे.
मी किती वेळा बोलून बघितलंय हे,
पेवाच्या तळाशी, जिथं आपलाच आवाज
परका होऊन भेटतो.
गोदा. गोदाम. गोदा.

'मग सांग, ओठ मिटले होते का?'

मिटले होते, सरकार.

मागं बांगड्या वाजल्या.

पण ते मी मिटले.
हातानं, हनुवटी वर लोटून.
बायका करतात ते काम,
घरात बाई नव्हती.
गोदाबाई ओसरीवर होती, आत बोलावणं नव्हतं.
त्याआधी मिटले होते की कसं,
ते शपथेवर सांगता येत नाही.
कंदील तोवर विझला होता.

कारकून मोडीत लिहितो.
मोडीत आधी पानभर रेघ ओढतात,
मग अक्षरं तिला टांगतात.
मला वाचता येत नाही. अंगठा देताना दिसलं एवढंच,
की शेवटच्या ओळीत अक्षरं थोडी
आणि पुढं नुसती रेघ,
कागदाच्या काठापर्यंत.
त्या रेघेखाली माझा अंगठा,
शाईचा, कडेनं पिवळा.