फुग्याखाली

नेरूळ, सेक्टर दहा.
झेरॉक्सवाला आणि पोळीभाजी केंद्र
यांच्या मधल्या चिंचोळ्या रद्दीच्या दुकानात
दर रविवारी अकराला
आमचं भांडण शटर वर करतं.

लवेश म्हात्रे म्हणतो, तमोघ्न एकतिसाव्या अंकात मेला.
गोष्टीत नाही. गोष्टीत तो अजून उडतोय.
पण चित्रकार बदलला
आणि त्याचा जबडा पावासारखा फुगला,
उपरणं वाऱ्यावर हलायचं
ते इस्त्री केल्यासारखं ताठ,
आणि पान चौदा, बघ, मोज,
उजव्या हाताला सहा बोटं!

प्रसेनजित मोजत नाही.
त्याचे अंक प्लास्टिकमध्ये, क्रमानं,
बायकोच्या भिशीच्या वहीपेक्षा जपलेले.
तो म्हणतो, तुला सहावं बोट दिसलं.
त्या हातानं काय सोडून दिलं ते नाही दिसलं.
बापाची गदा, लवेश.
तीस अंक मिरवलेली गदा
त्यानं खाडीत जाऊ दिली,
का, तर पुलावरून लोंबकळणाऱ्या
त्या दीडदमडीच्या खंडणीखोराला धरायला
हात मोकळा हवा होता.
आणि तिथं लेखकानं शब्द किती दिलेत? दोन.
"घट्ट धर."
दुसऱ्या कुणी पानभर प्रवचन झोडलं असतं.

मी दोघांच्या मध्ये गठ्ठ्यावर बसते.
आठवडाभर बेलापूरच्या ऑफिसात
दुसऱ्यांच्या मजकुरातले काना-मात्रा तपासते,
रविवारी कुणाचीच बाजू घेत नाही.
एकच म्हणते, की त्या चौकटीत
खंडणीखोराचा चेहरा दाखवला नाही
हे मला फार आवडतं.
नुसता हात, नुसतं मनगट, खाली काळं पाणी.
ह्यावर दोघंही माना डोलावतात
आणि श्रेय कुणाचं यावरून
पुन्हा एकमेकांवर घसरतात.

परवा कोपरखैरण्याचे पांचाळ काका
दिवाळी अंक विकायला आले होते.
वजनकाटा स्थिर होईपर्यंत ऐकत राहिले.
मग म्हणाले, दाखवा जरा पान चौदा.
चष्मा कपाळावर सारला, कागद नाकाशी नेला,
जुनं कर्ज आठवावं तसे हसले.

"हे अक्षर माझं.
दुकानांच्या पाट्या रंगवायचो,
रात्री ह्यांचे फुगे भरायचो. पानाला चार रुपये.
चेहरा होता की इथं.
रडत होता माणूस, नाकातनं शेंबूड बिंबूड,
झकास काढला होता पोरानं.
पण बोलायला जागाच ठेवली नव्हती,
आणि पहाटे पाचला छापखान्याचा टेम्पो.
मी फुगा चेहऱ्यावर चिकटवला.
आणि हे बोट नाही हो,
फुग्याचं शेपूट आहे.
रंगवाल्यानं त्यात कातडीचा रंग भरला."

काटा नऊ किलोवर थांबला.
पोळीभाजीवाल्याचा कुकर
तेवढ्यात एक शिट्टी देऊन मोकळा झाला.

लवेश पानाकडे बघत राहिला.
आठ वर्षं त्यानं एका माणसाला
नसलेल्या बोटासाठी फासावर चढवलं होतं.
प्रसेनजितनं हळूच विचारलं,
"पण ते दोन शब्द? ते तरी लेखकाचेच ना?"
काका पैसे मोजत होते.
"सात ओळी होत्या," म्हणाले,
"मावल्या तेवढ्या लिहिल्या."

ते गेल्यावर दोन मिनिटं
दुकानात फक्त पंखा बोलला.
मग लवेश म्हणाला,
बोट सोड. जबड्याचं काय?

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर
मी पान चौदा उलटं धरलं.
फुग्याच्या पांढऱ्यातून
चेहरा दिसेल असं वाटलं होतं.
दिसली मागच्या पानावरची
दंतमंजनाची जाहिरात,
दात काढून हसणारं एक कुटुंब.
तरी बराच वेळ हात खाली केला नाही.
रडणारा माणूस तिथंच कुठंतरी होता,
आणि त्याला अजून
कुणीतरी धरून ठेवलं होतं,
पाच बोटांनी
आणि एका शेपटानं.