छपरावरचा नऊ

रेडिओवर बातमी आली तेव्हा
तुओवी दूध काढत होती.
लौहिला निघाला. दुसरा संघ, पिवळी गाडी.
ती काही बोलली नाही,
बादली मात्र अर्धीच घेऊन बाहेर आली.

संध्याकाळी सौनात वैनो म्हणाला,
पैशापायी गेला, दुसरं काय.
कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओतलं.
वाफेत कुणाचा चेहरा कुणाला दिसेना.
बरंच झालं.

आमच्या गोठ्याच्या छपरावर निळा नऊ आहे,
हेलिकॉप्टरमधून दिसावा एवढा.
मी वर रंगवत होतो, ती खालून ओरडत होती,
"पोट जरा मोठं काढा त्याचं!"

खरवडून टाकू का, विचारलं.
म्हणाली, बर्फ पडेल दोन दिवसांत,
झाकायचं ते झाकेल.

शिडी मात्र
तिने आत आणू दिली नाही.