फ्लोरीनचा अपवाद

अकरावी क, चौथा तास, पेडणे.
फळ्यावर हायड्रोजन चार वेळा लिहितो
आणि त्याच्यासमोर एकेक सोयरा:
फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन.
अणू फुगत जातो तसा बंध लांबतो,
लांबला की सैलावतो.
पाचशे पासष्ट, चारशे एकतीस,
तीनशे सहासष्ट, दोनशे नव्व्याण्णव...
ओहोटीला शापोरा उतरते तसे आकडे उतरतात.
आयोडीन तर इतका ऐसपैस
की हायड्रोजनचा हात त्याच्या पाठीला पुरत नाही.

मागच्या बाकावरून वैजयंती हळर्णकर,
आगरवाड्याची, बोटांना मिठाच्या भेगा:
"सर, मग फ्लोरीन आणि फ्लोरीन? दोघंही बारीक.
पुस्तकात एकशे अठ्ठावन्न.
क्लोरीनची जोडी दोनशे त्रेचाळीस.
चूक पुस्तकाची की तुमची?"

उत्तर माझ्याकडे होतं, दोन गुणांचं.
पण त्याआधी तीच म्हणाली,
"आमी तिगी भयणी एकेच मांदरेर न्हिदतात.
थंडीत बरं वाटतं.
पण धाकटीचं कोपर रात्रभर बरगडीत."

वर्ग हसला.
मी लिहिलं: एकाकी जोड्या, प्रतिकर्षण.
खाली, कंसात नव्हे, मोठ्या अक्षरात: कोपर.

रविवारी तिच्या आईकडून मीठ आणलं.
मानशीच्या कडेला उभी राहून तिनं पायलीभर मोजलं,
वर एक ओंजळ फुकट.
जाड खडा. फोडायला बत्ता लागला.
वितळवायचा तर आठशे अंश,
आणि पेजेत टाकला तर
वाटी तोंडाला लागेपर्यंत नाहीसा.
हे मी शिकवतो, दरवर्षी,
आणि दरवर्षी पेज पिताना विसरतो.

तुझी बदली काणकोणला झाली
तेव्हा मला, खरं सांगतो, हलकं वाटलं होतं.
दीड खोली, दोन टेबलं, उत्तरपत्रिकांचे दोन ढीग,
पंखा कुणाकडे वळवायचा यावरून
आपण चार दिवस बोललो नव्हतो.
मग जून गेला, जुलै गेला.
फोनवर तुझा आवाज
आयोडीनच्या वाफेसारखा, जांभळा, पातळ,
खिडकी उघडली की नाही.

किती अंतरावर दोन माणसं सगळ्यात घट्ट असतात
याचं कोष्टक प्रयोगशाळेत नाही.
कपाटात शोधलंही असतं, पण किल्ली शिपायाकडे.

शनिवारी शेवटच्या कदंबानं तू आलीस,
केसांत दोन तालुक्यांची धूळ.
पेज प्यायलीस, म्हणालीस, मीठ वेगळं आहे.
रात्री मी खाटेवर
वीतभर सरकलो भिंतीकडे.
"काय झालं?"
काही नाही. कोपर.