तेरेस्केन

वाऱ्याकडे पाठ कर, बुरुलचा नातीला सांगते,
मग कुदळ घाल.
वर दिसतं ते वीतभर,
राखाडी, लवेचं, मेंढ्यांनी खुडून खुडून बसकं केलेलं.
खरं झाड खाली आहे.
मनगटाएवढं मूळ, मुरुमात
वाट काढत गेलेलं,
जिथे आपण कुणीच कधी गेलो नाही.

पूर्वी ओशहून कोळशाचे ट्रक यायचे.
मग देश बदलला, ट्रक थांबले.
थंडी मात्र वेळेवर येत राहिली.

तेव्हा तेरेस्केन दारातच होतं.
चहाचं आधण ठेवावं
आणि उकळी फुटायच्या आत घेऊन यावं, इतकं जवळ.
मग ते टेकडीपलीकडे गेलं.
मग खाऱ्या तळ्याच्या काठी.
आता तोकोनची गाडी पहाटे तीनला निघते
आणि आणलेल्यातलं निम्मं
डिझेलच्या उधारीतच जातं.

शाळेतल्या मास्तरने परवा एक मूळ आडवं कापलं,
भिंग धरून वलयं मोजत बसला.
एकोणसत्तरला थांबला.
म्हणाला, तुमच्याहून आठ वर्षांनी थोरलं.
बुरुलचाने तो तुकडा मागून घेतला,
पदराला पुसल्यासारखा कोटाला पुसला
आणि चुलीत घातला.
याकच्या गोवऱ्या नांदतात चुलीत,
धुमसत का होईना, रात्र काढतात.
हे भसकन पेटतं,
घर उजळून टाकतं,
आणि मिठाच्या चहाला जेमतेम उकळी येते
तोवर संपलेलं असतं.
एकोणसत्तर वर्षं. दोन वाट्या चहा.

खणलेला खड्डा कुणी बुजवत नाही.
वारा बुजवील, म्हणतात.
तिचा पहिला खड्डा गावाबाहेर अजून तसाच आहे,
लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यातला.
तळाशी थोडी वाळू, शेळीच्या चार लेंड्या.

आज परतताना ती तिथे थांबली.
नातीच्या मोज्यांना पांढरी लव चिकटली होती,
तेरेस्केनचं बी,
एरवी जे काडी पेटवायला बरं पडतं.
ती खाली बसली, गुडघे कुरकुरले.
एकेक बी सोडवून खड्ड्यात टाकत राहिली.
उगवेल? नातीने विचारलं.
शेळी खाईल, ती म्हणाली.

आणि तरीही
मोजा उलटा करून
तिने आतली लवसुद्धा झटकली.