जडवस्तुसंग्रह

अनुदान आलं एकोणतीस मार्चला, दुपारी,
पोरं खिचडीच्या रांगेत उभी असताना.
आठ हजार सातशे पन्नास.
शीर्षक : कृतीतून विज्ञान व कला.
एकतीसच्या संध्याकाळपर्यंत खर्च, नाहीतर परत.
मी साडेतीनची पेठ–नाशिक धरली.
पिशवीत शाळेचा शिक्का, शाईचं पॅड,
आणि सावळघाटासाठी आवळासुपारी.

मेनरोडला भिंगं मिळाली, वीस.
चुंबक, तारा, पारदर्शक नळी सहा मीटर.
दुकानदार म्हणाला, गुरुजी, सुटं कशाला घेता,
तयार संच न्या. खोका सीलबंद, बिल चोख.
आतलं चालतं का?
म्हणाला, बिल चालतं.

तांबट आळीत करडे आजोबांनी
कातरणीतल्या पट्ट्या रद्दीत गुंडाळून दिल्या.
पैसे घेईनात.
आता फुकटाची नोंद कुठल्या रकान्यात करू?

सकाळी चिंधूबाई जोर्वेकरांकडे गेलो,
भिजवून मळलेली माती, दोन गोणी.
पक्कं बिल लागेल म्हटलं.
चाकावरचा हात न काढता बाई हसल्या :
माझ्या सासऱ्यानं नदीला कधी बिल मागितलं नाही,
मी तुम्हाला कुठून देऊ?
मी माझ्या पाकिटातून दिले.
सीबीएसवर कंडक्टरनं गोण्या तोलल्या डोळ्यांनीच
आणि लगेजचं तिकीट फाडलं.
मातीची तेवढीच एक सरकारी पावती.

एप्रिलभर सकाळची शाळा.
लिंबात तांब्याची पट्टी, जस्ताचा खिळा,
आणि इवलासा लाल दिवा लागला तेव्हा
देवराम गावितनं लिंबाचा वास घेऊन पाहिला,
जळलं की काय म्हणून.
हजेरीपटाला एक भोक पडलंय,
सतरा तारखेच्या रकान्यात. भिंगाचं काम.
त्या दिवशी सगळे हजर होते,
हे आता कागदावरून सिद्ध करता येणार नाही.

मातीचं काय करायचं ते मी ठरवलं होतं :
फळं. केळी, आंबा, सीताफळ, रंगवून ओळीत.
सुमित्रा भोयेनं फळ केलं नाही.
तिनं व्हरांड्यात आमचा डोंगर केला.
पाडा, शाळा, जांभळाचं झाड म्हणून काडेपेटीची काडी,
खाली विहीर, बोट खुपसून.
मग तांब्याभर पाणी वरून ओतलं
आणि सगळी पोरं गुडघ्यांवर बसली.
पाणी शाळेवरून गेलं, विहिरीच्या बाजूनं गेलं,
व्हरांडा उतरून पश्चिमेला, फाटकाकडे.
गुजरातला चाललं, कुणीतरी म्हणालं.
कुणी हसलं नाही. त्यांच्या आया
त्या वेळी विहिरीवरच होत्या.

सुमित्रानं विचारलं, मग वर कसं आणायचं?
मी नळी आणली. वक्रनलिका समजावली.
पाणी काठावरून चढलं, पोरांनी ओरडा केला,
आणि खालच्या वाटीत पडलं.
ती वाटीकडे बघत म्हणाली,
गुरुजी, हे तर आणखी खालीच गेलं.
खरं होतं.
चोवीस वर्षं तो धडा शिकवतोय मी.

जूनमध्ये तपासणी.
विस्तार अधिकारी जिपेतून उतरले, वही मागितली.
वस्तू, नग, सुस्थितीत, नादुरुस्त.
संच कुठाय?
संच नाही साहेब, सुटं आहे.
हे काय, माती? नग किती?
मी म्हटलं, एक.
त्यांनी व्हरांड्यात पाहिलं. डोंगर वाळून तडकला होता,
काडी अजून उभी.
बराच वेळ पेन धरून थांबले
आणि तो रकाना कोरा सोडून खाली सही केली.

शिल्लक तीनशे बारा रुपये चलनाने परत भरले.
चलन जोडलं आहे. बसचं तिकीटही जोडलं आहे,
शाई उडत चालली आहे त्याची.
भिंगं सतरा सुस्थितीत, एक फुटलं.
दोन पाड्यावर गेलीत, मागितली नाहीत.
त्यांच्यापुढे कारण लिहायची जागा आहे,
अर्धा इंच.