सात फ्रेम

क्लॅपर ओनीच्या रस्त्यावर गाडीतच राहिला,
सीटखाली, चिखलाच्या बुटांशेजारी.
टाइमकोडच्या डबीनं थंडीत आधीच मान टाकलेली.
बद्री म्हणाला, "जुळवशील गं तू, कुतैसीत बसून."
जुळवतेय.

दोन कॅमेरे, एक वेगळा रेकॉर्डर,
तीन घड्याळं, तिघांची तोंडं तीन दिशांना.
पहिल्या मिनिटाला मकवालाआजींचे ओठ आणि शब्द
एका ताटात जेवतात.
चाळिसाव्या मिनिटाला
शब्द सात फ्रेम उशिरा येतात,
दारात बूट काढत, ओशाळे.

सात फ्रेम म्हणजे पापणी लवेल न लवेल तेवढंच.
पण बघणाऱ्याला कळतं.
काय ते त्याला सांगता येत नाही,
नुसतं वाटत राहतं
की बाई खोटं बोलतेय.

बाई अक्रोड फोडतेय.
मांडीवर परडी, हातात दाराच्या बिजागरीचा लोखंडी तुकडा,
आणि या सवयीचे उपकार मी कसे फेडू.
टक्.
आवाजाच्या पट्टीवर एक सुळका,
चित्रात कवच दुभंगल्याची एकच फ्रेम.
यावर तो ठेवायचा.
मग पुढचा अक्रोड शोधायचा,
मधला आवाज ताणायचा
टक्क्याच्या शंभराव्या भागाइतका,
कणकेला पाण्याचा हात लावावा तसा.
लग्नाचा अक्रोड. भूकंपाचा अक्रोड.
गाय रात्री व्यायली, त्याचे दोन, पाठोपाठ.
एक किडका निघाला. तोही चालला.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड अर्धंच वाचलं.
उरलेल्या अर्ध्यात हिरवे चौकोन
आणि चौकोनांच्या मागे कुठेतरी एक हात, कपबशी.
तिबिलिसीहून फोन:
सव्वीस मिनिटं, वर एक सेकंद नको,
आणि आवाजाची पातळी या खेपेला तरी बघा,
मागची फिल्म परत आली होती.
हो म्हटलं. चहा गार झाला होता, तोच प्यायले.

एकतिसाव्या मिनिटाला आजी आईबद्दल बोलू लागतात
आणि हात थांबतो.
अक्रोड मुठीत, फुटत नाही.
चेहरा चुलीकडे वळलेला, ओठ अर्धे सावलीत,
आवाज इतका खाली की
पट्टीवर सुळका नाही, नुसतं गवत.
चार मिनिटं मला धरायला काही नाही.
आमच्याकडे आईला देदा म्हणतात.
देदा म्हणताना ओठांना ओठ लागत नाहीत.
जीभ दातांआड काय करते ते दातांनाच ठाऊक.
देदानं हे केलं, देदा तिकडे गेली, देदा, देदा,
मी एकेक फ्रेम मागेपुढे सरकवते
आणि प्रत्येक ठिकाणी ते खरंच वाटतं.
पहाटेचे साडेतीन. कान आता कुणाचंही ऐकतील.

मग त्या चुलीकडून वळतात,
उजेडात येतात,
आणि तासाभरात पहिल्यांदाच म्हणतात, मामा.
मामा म्हणजे बाप.
ओठ मिटतात, घट्ट, सगळ्यांदेखत.
पहिला म मी त्या मिटण्यावर ठेवला.
मागची चार मिनिटं आपोआप जागेवर बसली.
बापाबद्दल पुढे त्या काहीच बोलल्या नाहीत.
टक्.

शेवटी बद्रीनं तीस सेकंद मागितली,
नुसत्या खोलीची,
कापलेल्या जागा बुजवायला लागतात म्हणून.
फ्रिज त्यानं सकाळीच बंद केला होता
आणि गाडीची किल्ली आत चीजजवळ ठेवली होती,
म्हणजे परत चालू केल्याशिवाय निघता येणार नाही.
"कुणी हलू नका, बोलू नका."
ऐकू येतं ते एवढंच: खुर्ची सरकली.
कपड्यांची सळसळ. उभ्या राहिल्या असाव्यात.
परडीतून एक अक्रोड घरंगळला, बराच वेळ.
चूल.
आणि तीस सेकंद संपल्यावर, हलक्या आवाजात,
आजींचा प्रश्न: "कोण गेलं?"

कॅमेरे तेव्हा बंद होते.
जुळवायला काहीच नाही.